गुणी राहण्याचं हिरवं पाकीट

तुंगकांगच्या देवळासमोर स्तनांच्या तपासणीची बस लागली की च्वांग मावशी मासळीबाजारातल्या बायकांना हाकलत आणते. पण पहिल्या खेपेला तिनेच घोळ घातला होता. छातीचा फोटो काढायच्या यंत्रावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट दिसलं. पेशंटांसाठीच असणार, म्हणून तिने ते फस्त केलं.

"मावशी, काय केलंत हे!" फोटो काढणारी यी-छेन किंचाळली. "त्या कुरकुऱ्यांचं नावच 'गुणी राहा' आहे, यंत्राने गुणी राहावं म्हणून ठेवलेलं ते! यंत्रावरचं पाकीट अख्ख्या तैवानात कुणी खात नाही!"

"मग मी राहते गुणी, यंत्राचं तू बघ," मावशी बोटं चाटत म्हणाली.

यंत्र खरंच रुसलं. तासभर खोळंबलेल्या बायकांनी मावशीचा यथेच्छ उद्धार केला. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ती नवं पाकीट घेऊनच येई. तिसऱ्या खेपेला तिच्याच फोटोत तांदळाच्या कणीएवढा ठिपका दिसला. हाताला लागायच्या आधीच सापडला, म्हणून छोट्या ऑपरेशनवर भागलं.

यंदा तिने दोन पाकिटं आणली. एक यंत्रावर ठेवलं.

"आणि दुसरं?" यी-छेनने विचारलं.

मावशीने ते आपल्या छातीवर ठेवलं. "हे हिला. यंत्रापेक्षा हीच जास्त वांड निघाली!"