पडद्यावर काय लिहिलंय, आबा?

माझी नजर तिशीच्या आत गेली. एकदम नाही गेली. आधी कडा गेल्या, मग संध्याकाळनंतरचं जग गेलं, आणि शेवटी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा. तेव्हा मी कॉलेजात शिकवत होते. ती नोकरी सोडली, अंधांसाठीच्या एका केंद्रात जाऊन बोलणारा कॉम्प्युटर शिकले आणि तेव्हापासून घरी बसून कानांचं काम करते. मुलाखती, बैठका, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल असं काय काय रेकॉर्ड होऊन माझ्याकडे येतं. ते ऐकायचं आणि टाइप करायचं. मी काय टाइप केलं ते मशीन मला लगेच वाचून दाखवतं. लोक विचारतात, पडदा दिसत नाही तर काम कसं करता? पडदा माझ्यासाठी नसतोच. माझ्यासाठी तो आवाज म्हणजेच कॉम्प्युटर.

पनवेलच्या घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील, असे दोघंच राहतो. आमचं मूळ घर उरणकडे, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आजोबांची होडी होती, पण आबा तरुणपणीच बंदरात कामाला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले. बाजार ते करतात, स्वयंपाक मी करते. मासळी साफ करून आणायची एवढीच माझी अट.

माझ्या डोळ्यांबद्दल आमच्यात बोलणं होत नसे. आबा 'हे बघ' असं म्हणायला जायचे आणि 'हे' म्हणून थांबायचे. पुढचा शब्द ते गिळत. नजर गेली त्यापेक्षा ते थांबणं मला जास्त लागायचं, पण मीही कधी बोलले नाही.

गेल्या वर्षी ज्यांचं काम मी करते त्या कंपनीनं कळवलं की जुनी सिस्टीम आता चालणार नाही, सगळ्यांनी नवीन टाकून घ्या. मी ती स्वतःच टाकली. मशीन एकेक पायरी वाचून दाखवत गेलं, मी बटणं दाबत गेले. संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी होतं आणि मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका म्हाताऱ्या कोळणीची मुलाखत टाइप करत होते. आवाज अगदी क्षीण होता, मागे वारा. मध्येच मशीनचा आवाज एका अक्षरावर अडकला. तबकडीवर सुई अडकल्यासारखा घोगरा गुणगुणाट कानात झाला आणि मग काहीच नाही. मी बटणं दाबली. काही नाही. थोड्या वेळानं मशीन आपलं आपणच पुन्हा सुरू झाल्याची खूण वाजली. त्या दिवशी हे पुन्हा झालं. पुढच्या दिवशी तर कामाला बसलं की होऊ लागलं.

ज्याला दिसतं त्याचा कॉम्प्युटर बंद पडला तर पडद्यावर निदान काहीतरी लिहून येतं. माझ्या बाजूला नुसती शांतता होती. मशीन बंद आहे, अडकलंय की चालू होतंय, हेसुद्धा मला कळत नव्हतं. मी हात त्याच्या पाठीवर ठेवून पंखा फिरतोय का ते बघत बसायची.

आबांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि आम्ही स्टेशनकडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतला. परत आणायला गेलो तेव्हा म्हणाला, "मॅडम, दिवसभर चालू ठेवला होता. एकदाही बंद पडला नाही. तुमच्याकडून चुकून कुठलं तरी बटण दाबलं जात असेल."

रिक्षात आबांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. कोपर मला लागत होतं.

घरी आणून नेहमीच्या सगळ्या वायरींना जोडला, आणि चहा होईपर्यंत बंद पडला.

मग मी माझ्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही केंद्रात एकत्र शिकलो. तिलाही दिसत नाही, पण अशा बाबतीत तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बंद पडताना पडद्यावर कारण लिहून येतं. ते कळल्याशिवाय आपण नुसते चाचपडणार."

"फोननं वाचून बघितलं. तो अर्धंमुर्धं वाचतो, तोवर मशीन पुन्हा सुरू होतं."

"मग कुणाला तरी बघायला सांग ना. घरी कोण आहे?"

घरी आबा होते. त्यांना मराठी सावकाश वाचता येतं, इंग्रजी नाही, असं मी धरून चालले होते. विचारलं तर म्हणाले, "मोठी अक्षरं येतात मला. कंटेनरवर असतात ती. नंबर टिपायला मीच तर जायचो. बारकी येत नाय."

मोठी म्हणजे कॅपिटल. हे मला ठाऊकच नव्हतं. बंदरात ते काय करायचे, असं विचारलं तर आम्ही मुलं 'बंदरात कामाला' एवढंच सांगायचो.

मैत्रिणीनं एक गोष्ट करून ठेवायला सांगितली. बंद पडल्यावर मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं, ते थांबवायचं, म्हणजे लिहिलेलं पडद्यावर तसंच राहील. आवाज होता तोवर मी ते घाईघाईनं करून घेतलं. मग हेडफोन लावून मी कामाला बसले आणि माझ्या समोर, टेबलाच्या पलीकडे, कंपनीनं दिलेला, लॅपटॉपला जोडलेला मोठा पडदा स्वतःकडे वळवून आबा बसले. दुपार होती. आता मशीन बंद पडायची वाट बघायची होती, आणि नेमकं ते पडेना.

बराच वेळ गेला. मी एक कान मोकळा ठेवला होता.

"एक इचारू?" आबा म्हणाले.

"इचारा की."

"तुला आता काळं दिसतं का गो? सगळं काळं?"

माझी बोटं थांबली. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला हे विचारलं होतं. रिक्षावाल्यांनी, शेजारणींनी, बसमध्ये शेजारी बसलेल्या बायकांनी. त्यांनी कधीच नाही.

"नाय आबा. काळं पण नाय."

"मग काय?"

"तुमच्या डोक्याच्या मागं काय हाय ते तुमाला कसं दिसतं? काळं दिसतं?"

खुर्ची करकरली. ते मान वळवून बघत असावेत आणि मग पुन्हा पुढे बघून ताडून पाहत असावेत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मागचं दिसतच नाय. काळं बी नाय नि गोरं बी नाय."

"तसंच. माझं पुढचं पण तसंच हाय."

"मंजे अंधार नाय?"

"अंधार नाय."

मग त्यांचा आवाज आला, पण तो माझ्याशी बोलल्यासारखा नव्हता. "मी म्हणायचो, माझी पोर अंधारात बसलीय. रोज निजताना तेच मनात यायचं. अंधारात बसलीय नि मी इथं पंख्याखाली पडलोय."

टेबलाच्या पलीकडे हात पुढे करावा असं वाटलं, पण आमच्या घरात तशी सवय नाही. ते पंचानं नाक पुसत होते तेवढ्यात माझ्या कानात तो गुणगुणाट सुरू झाला.

"आबा! पडला!"

"बघतोय, बघतोय. निळा झाला गो सगळा." ते पुढे सरकले. "लय बारकं लिवलंय वर. ते नाय येत. थांब. खाली मोठी अक्षरं हायेत."

मी मैत्रिणीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आबांनी वाचायला सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज बदलला. दूरच्या माणसाला ऐकू जावं तसा मोठा, सपाट, प्रत्येक अक्षरानंतर थांबणारा. "डी. आर. आय. व्ही. ई. आर. मग खाली रेघ." बंदरातल्या गोंगाटात, यार्डात उभं राहून, ते असेच ओरडत असतील. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"ड्रायव्हर," मैत्रीण फोनवर म्हणाली. "म्हणजे मशीनला जोडलेली कुठली तरी वस्तू नव्या सिस्टीमला झेपत नाहीये. काका, त्याच्या खालच्या ओळीत त्या फाइलचं नाव असेल. तेवढं वाचा."

"ती बारकी अक्षरं हायेत ना. ती मला नाय येत."

"आबा," मी म्हटलं, "वाचू नका. कशी दिसतात तशी काढून दाखवा. माझ्या हातावर." मला अक्षरं पाठ होती. डोळ्यांनी शिकलेली अक्षरं बोटं विसरत नाहीत.

मी टेबलावरून तळवा पुढे केला. त्यांनी तो धरला आणि खरबरीत बोटानं एक साप काढला. एस. दुसरं अक्षर मला यू वाटलं, तिसरं पी.

"एस, यू, पी," मी फोनमध्ये सांगितलं.

"अशी कुठली फाइल नसते गं," मैत्रीण म्हणाली. "नीट बघा पुन्हा."

त्यांनी पुन्हा काढलं. पुन्हा तेच. मी चिडले. "आबा, नीट बघा ना!" म्हणाले आणि लगेच मला वाईट वाटलं. त्यांचं बोट माझ्या हातावर तसंच थांबलं होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं. ते समोर बसले होते. त्यांच्या बाजूनं सरळ काढलेलं अक्षर माझ्या बाजूनं उलटं होत होतं.

"इकडे या. माझ्या बाजूला या."

ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि पडदा आमच्या दोघांच्या समोर फिरवला. तळव्यावर काढण्याऐवजी त्यांनी माझं बोटच धरलं आणि टेबलावर फिरवलं. साप. मग एक कमान, दोन पायांवर उभी. मग आधी गोल पोट, आणि त्याच्या उजव्या हाताला उभी काठी.

"हे बघ," ते म्हणाले, "असं हाय."

शब्द न गिळता म्हणाले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं. माझं बोट त्यांच्या मुठीत होतं आणि ते पुढची अक्षरं काढत होते, पण मला पहिली तीनच पुरली. एस, एन, डी. साउंड.

माझ्या टेबलावर आवाजाची एक डबी होती, चपटी, साबणाच्या वडीएवढी. क्षीण रेकॉर्डिंग स्वच्छ ऐकू यावं म्हणून फार वर्षांपूर्वी घेतलेली. हेडफोन तिच्यातून जायचा. दुकानात लॅपटॉप एकटाच गेला होता, डबी घरीच राहिली होती. म्हणून तिथं तो दिवसभर बंद पडला नाही. माझ्याकडून कुठलंही बटण चुकत नव्हतं. ज्या वस्तूतून मी सगळं ऐकत होते, तीच मशीनला पाडत होती.

मी डबीची वायर काढली. मशीन पुन्हा सुरू केलं, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरमधून आवाज आला. पातळ, पत्र्यावर बोलल्यासारखा, पण आला. मैत्रीण फोनवर एकेक बटण सांगत गेली आणि त्या डबीची फाइल आम्ही मुळातून काढून टाकली.

"बोलला," आबा म्हणाले. "झालं का?"

"बघू. संध्याकाळपर्यंत चालू ठेवू."

ते तिथंच बसून राहिले. संध्याकाळी मशीन चालूच होतं. दुसऱ्या दिवशीही.

डबी बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टीमसाठी काहीच काढलं नव्हतं, त्यामुळे ती कायमची गेली. हेडफोन थेट लॅपटॉपला जोडूनही ती म्हातारी मला ऐकू येईना. वाऱ्यात तिचे निम्मे शब्द हरवत होते. दुसरी डबी मिळेपर्यंत थांबायला कंपनीनं नकार दिला आणि तशा मुलाखतींचं सगळं काम दुसऱ्या कुणाला दिलं. त्यांची चूक नव्हती. पण ती बोली माझ्या घरातली होती. ज्यानं ती पुढे टाइप केली त्याला ती कळली असेल का, हा विचार अजूनही येतो. आता मी बहुतेक बैठका आणि डॉक्टरांचे अहवाल करते. त्यांचे आवाज मोठे असतात.

काही महिन्यांनी माझी वर्षाची डोळ्यांची तपासणी आली. आबा दरवेळी बरोबर येतात. दरवेळी डॉक्टर तपासून झालं की विचारतात, "काही विचारायचंय?" आणि दरवेळी मी उठायच्या आत आबा विचारायचे, नजर परत यायचं काही औषध निघालं का. डॉक्टर तेच उत्तर द्यायचे आणि घरापर्यंत आम्ही बोलायचो नाही.

या वेळी डॉक्टरांनी तपासलं, लाइट बंद केल्याचा आवाज झाला, आणि त्यांनी आबांना विचारलं, "काका, काही विचारायचंय?"

मी वाट बघत बसले.

"नाय," आबा म्हणाले. "तिलाच इचारलंय मी."

डॉक्टरांना काही कळलं नसावं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर ऊन होतं आणि रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही बाजारापर्यंत चालत गेलो. पायरी आली की आबा सांगत होते.