बाजूची सीट

केतकीचा फोन आला तेव्हा मी रिकाम्या बाटल्या आणि डबे घेऊन दाराबाहेर पडत होते. आमच्या गल्लीत बाटल्या-डब्यांचा वार ठरलेला आहे. कचऱ्याची गाडी वेळेवर येते, आणि कुणाला उशीर झाला तर शेजारच्या आजी काही बोलत नाहीत, फक्त बघतात. त्यामुळे "वहिनी, हेमंत गेला," हे वाक्य मी हातात सोया सॉसची बाटली धरून ऐकलं. पुण्यात अजून उजाडलंही नव्हतं. झोपेतच हृदयविकाराचा झटका आला होता. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने, आणि नागोयाहून परत जाऊन जेमतेम महिना झाला होता. त्याची बायको केतकी रडत नव्हती. डॉक्टर कधी आले, कुणाकुणाला कळवलंय, मुलीला कोण सांभाळतंय, सगळं तिने नीट सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या दारातली ती बग्गी काढून टाका. विका, भंगारात द्या, काहीही करा. मला तिचा फोटोसुद्धा नको."

बग्गी म्हटलं की आपल्याकडे घोडा आणि नवरदेव डोळ्यांसमोर येतो. ही तशी नव्हे. जुन्या जर्मन मोटारीच्या सांगाड्यावर फायबरचं उघडं टोपलं बसवलेलं, इंजिन मागे, मागची चाकं गलेलठ्ठ, पुढची बारीक, दार नाही, छप्पर नाही, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा. रंग पिकलेल्या पपईचा. नंबरप्लेट असलेली, रस्त्यावर चालवायची रीतसर परवानगी असलेली. हेमंतने ती जुन्या गाड्यांच्या बाजारातून आणली आणि सरळ आमच्या दारात उभी केली, कारण त्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये स्क्रू-ड्रायव्हर काढला तरी मॅनेजर नोटीस लावायचा. आमचं घर नागोयाच्या पूर्वेला, मोटारींच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. माझा नवरा प्रकाश मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीतर्फे इथे आला, आणि दोन वर्षांचं पोस्टिंग वाढत वाढत आठवर गेलं. अंगणात पत्र्याचं छप्पर होतं आणि आमच्याकडे गाडी नव्हती. "वहिनी, तुमचं छप्पर वाया चाललंय," असं म्हणून त्याने ते ताब्यात घेतलं. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झालेला मुलगा हक्काने घरात शिरतो आणि चहात साखर कमी आहे म्हणून सांगतो, तशातला तो.

त्याचं काम काय, हे मला समजायला बराच वेळ लागला. गाडीचं चाक आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर असतात. महागड्या गाड्यांमध्ये ते कधी कडक व्हावेत आणि कधी नरम, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्या कॉम्प्युटरला शिकवणारे आकडे हेमंत काढायचा. पण गाडीत बसायचा नाही. कारखान्याच्या आवारात टेस्टचा ट्रॅक होता, त्यावर ओकुदा-सान नावाचे जुने ड्रायव्हर गाडी फिरवायचे आणि अभिप्राय लिहून पाठवायचे. हेमंतची खिडकी त्या ट्रॅकच्या समोर होती. गाडी जाताना दिसायची, आणि आठवड्याने कागदावर तिच्याबद्दल चार शब्द यायचे. जपानी लोक अशा बाबतीत आकडे लिहीत नाहीत. 'गोत्सु-गोत्सु' म्हणजे दणके बसतात तसं, 'फुवा-फुवा' म्हणजे तरंगल्यासारखं... असे अंगाला जे जाणवलं त्याचे शब्द लिहितात. "मला सांगा," हेमंत म्हणायचा, "यांच्या कंबरेला जे झालं ते मी एक्सेलमध्ये कसं बसवू? स्पेक मिळतं, कॉमेंट मिळते, गाडी मिळत नाही."

त्याला एकच गोष्ट हवी होती. ओकुदा-सानच्या बाजूच्या सीटवर एकदा बसायचं होतं. आपण दिलेला आकडा चाकाखाली कसा लागतो हे स्वतःच्या पाठीला कळावं, आणि ते बरोबर आहे की नाही हे त्या माणसाच्या तोंडून ऐकावं. पगारवाढ, बढती, असलं काही नाही. कंत्राटी माणसाने थेट जपानी टीमशी बोलायचं नाही असा नियम असल्याने ही विनंती मंदारमार्फत जायची. मंदारही पुण्याचाच. इकडच्या आणि तिकडच्या लोकांमध्ये बोलणारा, ज्याला या धंद्यात ब्रिज इंजिनियर म्हणतात. तो दर वेळी सांगायचा, "विचारलंय रे. ते केन्तो करतायत." म्हणजे विचार करतायत. जपानमध्ये असा विचार सुरू झाला की विषय संपला हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलं होतं. तसं ते पुणेकरालाही कळायला हवं होतं. आपण तरी 'बघू' म्हणतो तेव्हा काय बघतो? पण हेमंतने ते खरं धरलं. त्या भरवशावर त्याने कंत्राट वाढवून घेतलं, एकदा, मग पुन्हा. मुलीची शाळा म्हणून केतकी तिला घेऊन पुण्याला गेली, तेव्हा हा म्हणाला, "एवढा प्रोजेक्ट होऊ दे, या वेळी नक्की बसवणार आहेत." विमानतळावर केतकीने मला एवढंच सांगितलं की त्याच्या जेवणाकडे लक्ष ठेवा. त्याच्याशी ती बोलली नाही.

ती गेल्यावर पुढच्याच महिन्यात बग्गी आली. मला आधी वाटलं, एकटा पडला म्हणून खेळणं आणलं. तसं नव्हतं. ऑफिसच्या गाडीत बसू देत नाहीत तर आपली गाडी घेऊन आपल्या कंबरेला शिकवायचं, असा त्याचा हिशेब होता. आधीच्या मालकाने ती दिसायला झोकदार म्हणून खाली बसवली होती आणि स्प्रिंगा दगडासारख्या कडक करून ठेवल्या होत्या. दर शनिवारी हेमंत जॅक लावायचा, चाक काढायचा आणि आकडीसारख्या पान्याने स्प्रिंगखालची चकती थोडी थोडी फिरवायचा. मग चाक लावून गाडी खाली घ्यायची, थोडं पुढे-मागे ढकलायची आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या काठापर्यंत टेपने मोजायचं. पहिल्याच शनिवारी मी कपडे वाळत घालत होते. म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला बसता का? वजन हवंय." नवऱ्याने वीस वर्षांत माझ्या वजनाचा विषय काढायची हिंमत केली नव्हती. पण बसले. त्याने मोजलं आणि समाधानाने मान हलवली. "माणूस बसल्यावर गाडीसुद्धा थोडी बसली पाहिजे," म्हणाला. "नाहीतर खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, आणि मग अख्खी गाडी आदळते."

खड्डा ही मात्र अडचण होती. पुण्यात वाढलेला माणूस जपानमध्ये खड्डा शोधत फिरतोय यावर प्रकाशने त्याला वर्षभर चिडवलं. शेवटी आम्हाला रेल्वेचं एक जुनं फाटक सापडलं, एका पुलावरचे सांधे सापडले, आणि नदीच्या बांधावरचा एक रस्ता, जिथे झाडांच्या मुळांनी डांबर उचललं होतं. त्या रस्त्यावरून तो मला न्यायचा आणि विचारायचा, "कसं वाटलं?" मी काय इंजिनियर? मी आपली तोंडाला येईल ते सांगायची. इथे कंबरेत हिसका बसला. इथे डुगडुग झालं. इथे नुसतं हिंदकळलं, आता मळमळतंय. एके दिवशी त्याने गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही ओकुदा-सानसारखं बोलता," म्हणाला. "म्हणजे उलट. ते तुमच्यासारखं लिहितात." त्या दिवसापासून तो मी म्हटलेला प्रत्येक शब्द आणि गाडीचं त्या वेळचं सेटिंग यांची जोडी डोक्यात बसवू लागला. हिसका म्हणजे हे, डुगडुग म्हणजे ते. सोमवारी ऑफिसात ओकुदा-सानचा कागद आला की त्याला पहिल्यांदाच कळायचं की त्या म्हाताऱ्याच्या पाठीला नेमकं काय झालंय. वरच्यांनी विचारलं, तुझे आकडे एवढे सुधारले कसे? याने सांगितलं, अभ्यास केला. वहिनींना फाटकावर आपटलं हे कसं सांगणार?

ज्या मोटारीसाठी हेमंत आकडे काढत होता ती बाजारात आली आणि नावाजली गेली. मासिकांमधून तिच्या चालीचं कौतुक छापून आलं. टीमचा फोटो निघाला, त्यात मंदार होता. हेमंत त्या दिवशी आमच्याकडे भाकरी खात बसला होता आणि वाईट वाटल्याचं दाखवत नव्हता. "पुढच्या मॉडेलला बसवणार आहेत," म्हणाला. पुढचं मॉडेल आलंच नाही. मंदी आली, आणि सगळ्यात आधी कंत्राटी माणसं गेली. वर्ष संपायच्या आत जागा रिकामी करा, एवढंच सांगितलं. निघताना त्याने बग्गीवर कव्हर घातलं, चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या आणि मला किल्ली दिली. मी त्याला चिवड्याचा डबा दिला. दोघांनीही नीट निरोप घेतला नाही, कारण तो परत येणारच होता असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

केतकीने सांगितल्याप्रमाणे मी किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग एका रविवारी सकाळी टोपी घातलेले एक गृहस्थ आले. ताठ कण्याचे, निवृत्त, हाताने काम केलेल्या माणसाचे पंजे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून स्प्रिंगा पाहिल्या आणि चालवून बघू का म्हणून विचारलं. मी सवयीने बाजूला बसले. फाटकावरून गेलो, पुलावरून गेलो, मीच म्हटलं म्हणून बांधावरच्या रस्त्यावरून गेलो. मुळांची जागा संपल्यावर त्यांनी गाडी थांबवली, वळवली आणि पुन्हा त्याच जागेवरून हळू नेली. मग इंजिन बंद करून म्हणाले, "हे कुणी बसवलं? गॅरेजवाल्याचं काम नाही हे."

मी सांगितलं, आमचा एक मित्र होता, सस्पेन्शनचं काम करायचा, आता वारला. कुठे काम करायचा म्हणून त्यांनी विचारलं. मी कारखाना सांगितला, गाडीचं नाव सांगितलं. त्यांनी टोपी काढली. "त्या गाडीची टेस्ट मी केली," म्हणाले. "मी ओकुदा." एवढ्या वर्षांत ज्या माणसाचं नाव माझ्या स्वयंपाकघरात रोज निघायचं, तो माझ्या शेजारी बसला होता. आमच्या पट्ट्यात प्रत्येक दुसरं घर त्या कारखान्यातलं, त्यामुळे यात नवल असं काही नाही. नवल पुढे होतं. ते म्हणाले, "आकडे पाठवणाऱ्या माणसाला माझ्या शेजारी बसवा, असं मी दर मॉडेलला मागत होतो. कागदावर लिहून किती सांगणार? पण ते म्हणाले, तो माणूस भारतात असतो, इथे येऊ शकत नाही." मी म्हटलं, "तुमच्या ट्रॅकच्या समोरच्या इमारतीत होता तो. खिडकीतून तुमची गाडी बघायचा."

घरी आल्यावर मी मंदारला फोन केला. मला राग गिळता येत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही. तो आधी म्हणाला, आता जुन्या गोष्टी कशाला. मग म्हणाला, "वहिनी, आमच्या कंपनीने कागदोपत्री ते काम पुण्यात चाललेलं दाखवलं होतं. हेमंत इथे दुसऱ्याच प्रोजेक्टच्या नावावर होता. त्याला गाडीत बसवला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. तेव्हा सगळेच असं करायचे." त्याच्या आवाजात लाज होती का, मला कळलं नाही. मला ऐकायचीही नव्हती. एका माणसाने संसार लांब ठेवून वर्षानुवर्षं वाट पाहिली, दुसरा माणूस समोरच्या ट्रॅकवरून त्याला हाक मारत होता, आणि मधला हा दोघांनाही खोटं सांगत होता. तेही चांगल्या मराठीत आणि चांगल्या जपानीत. हेमंतच्या शोकसभेसाठी याने लांबलचक मेल लिहिला होता. त्यात 'समर्पण' हा शब्द होता.

केतकीला सांगावं की नाही यावर मी तीन दिवस घालवले. प्रकाश म्हणाला सांगू नकोस. मी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तो दर वेळी मला सांगायचा ते खरं होतं? खरंच बसवायला मागत होते त्याला?" मी हो म्हटलं. "मी त्याला शेवटपर्यंत खोटारडा म्हणत होते, वहिनी," ती म्हणाली, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. सांगितलं ते चांगलं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

बग्गी ओकुदा-सानने घेतली. न्यायला आले तेव्हा किल्ली घेऊन दारातच घुटमळले. म्हणाले, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे येणाऱ्या आकड्यांवर फक्त कंपनीचं नाव असायचं... त्यांचं नाव काय होतं? मी सांगितलं. त्यांच्या जिभेला ते नीट येईना. "हेमान्तो," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, मग गाडीत बसल्यावर एकदा, आपल्याशीच. मी अंगणात उभी होते. ते गल्लीच्या वळणापर्यंत सावकाश गेले, आणि त्यांच्या बाजूची सीट रिकामी होती.