बिनडोळ्यांची तसबीर

"डोळे तेवढे आपल्या ड्रॉइंग मास्तरांकडून काढून घेऊ. हिच्या हातचे नकोत."

वकीलसाहेब हे इंग्रजीत म्हणाले. मेहुण्यांना म्हणाले. नागपूरचे डॉक्टर मेहुणे आरामखुर्चीत पान चघळत बसले होते. मी वऱ्हांड्याच्या खालच्या पायरीवर, तसबिरीच्या चौकटीसमोर बसले होते. वर चढायला कोणी मनाई केली नव्हती. पायरीवर आधीच पोतं अंथरून ठेवलेलं होतं. त्यावरून कळायचं ते कळलं.

पेंटरच्या पोरीला इंग्रजी कळत असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी मान खालीच ठेवली. कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि नुसताच फिरवत राहिले.

"पण चेहरा हुबेहूब आलाय," मेहुणे म्हणाले. तेही इंग्रजीतच.

"म्हणूनच म्हणतो. आईची तसबीर देवघरासमोर लागणार. रोज तिच्यापुढे हात जोडायचे. निदान नजर तरी आपल्या माणसाच्या हातची असावी."

मग मराठीत, मोठ्यानं, "ए पेंटर, पोरीला सांग, डोळे राहू दे. बाकीचं झालं की चौकट ठेवून जा."

बाबा अंगणात जवसाच्या तेलात रंग खलत होते.

"हो जी," म्हणाले. काहून, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

विचारायची त्यांना गरजच नव्हती. बिनडोळ्यांचे देव काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती.

पांढरकवड्यात लग्न निघालं की दारावर गणपती काढायला बाबांना बोलावणं यायचं. गणपतीच्या दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, हत्ती, केळीचे खांब. पण गणपतीचे डोळे रिकामे ठेवायचे. ही त्या घरांची रीत. बाबांनी शिडीवरून उतरायचं आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. मग घरचे गुरुजी येणार, दारावर पाणी शिंपडणार आणि दोन बुबुळं काढणार. त्यानंतर तो देव. तोवर नुसता रंग.

रंगाच्या करवंट्या धरायला मी सोबत असायचे. पाच-सहा वर्षांची. वकीलसाहेबांच्या बहिणीच्या लग्नात, याच दारावर, गुरुजींच्या हातून बुबुळं नाकाकडे सरकली. गणपती चकणा झाला. वऱ्हाडी हसले. वकीलसाहेबांची आई दारात आली.

"मेल्यानं देवाची थट्टा केली," ती बाबांकडे बघून म्हणाली.

बाबांनी रस्त्यापलीकडूनच हात जोडले. "चुकलं, माय."

गुरुजी तिथंच उभे होते. बोटाला काळा रंग लागलेला. मी बाबांच्या मागे लपले होते. म्हातारीनं मान वाकडी करून मला शोधलं आणि पाहिलं. उजवी पापणी अर्धी पडलेली, डावा डोळा टक्क उघडा. आता तसबिरीसाठी मिळालेल्या फोटोत ती पापणी स्टुडिओवाल्यानं सारखी करून टाकली होती. पण मला ती नजर पाठ होती.

छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्या दिवसापासून देव काढणं बंद. लग्नसराईत कोणी बोलवायला आलं की म्हणायचे, "आता नाई जी." मालट्रकांवरची नावं आणि दुकानांच्या पाट्या, यावर आमचं भागू लागलं.

पुढच्या वर्षी वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर बुद्ध काढायचं ठरलं. सगळी वस्ती समोर बसली होती. बायका पोरं घेऊन आल्या होत्या. बाबांनी चीवर काढलं, हात काढले, कान, ओठ काढले. इतके सुंदर ओठ त्यांनी कोणत्याच दारावर काढले नव्हते. डोळ्यांच्या जागा पांढऱ्या ठेवल्या. मग ते शिडीवरून उतरले, करवंटी खाली ठेवली आणि चालत रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

कोणाला काही कळेना. मला कळलं. मी आठ-नऊ वर्षांची होते, पण कळलं.

शेजारची सोनाआजी ओरडली, "काहून उतरला रे? डोळे काढाले भट बलावतं का?"

लोक हसले. बाबाही हसायला गेले. हसता हसता दुपट्टा तोंडावर धरून तिथंच मातीत बसले. आपल्या बापाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग ते पुन्हा चढले. एक डोळा मोठा झाला, दुसरा बारका. चाळिशीला आलेल्या त्या माणसानं आयुष्यात कधी डोळे काढलेच नव्हते. वस्तीला ते डोळे चालले. बाबांना चालले नाहीत. विहारात बसले की ते भिंतीकडे बघत नसत.

यवतमाळच्या मिशनच्या इंग्रजी शाळेनं मला फुकट घेतलं. मी वसतिगृहात राहायचे. शाळेत मराठी बोललं की शिक्षा. घरी चुकून इंग्रजी शब्द आला की हसू. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प माणसाला बघायला वेळ मिळतो. वहीच्या मागच्या पानांवर मी डोळे काढायचे. स्वयंपाकघरातल्या बाईचे, धुरानं लाल झालेले. सिस्टरचे, चष्म्याआडचे. नापास झालेल्या मैत्रिणीचे. सुट्टीत घरी आले की बाबा त्या वह्या उघडून बसायचे. एकदा पानावरून बोट फिरवत म्हणाले, "हे मले नाई जमलं, बाई."

तुम्हाला कोणी काढू दिले, असं मी म्हणाले. मनात. तोंडानं नाही.

शाळा संपली त्या उन्हाळ्यात वकीलसाहेबांच्या वारलेल्या आईच्या तसबिरीचं काम आलं. बाबा म्हणाले, "तोंड तू काढ." मी हो म्हटलं ते त्या डोळ्यांसाठी. जगात एवढे एकच डोळे मला कोणत्याही फोटोशिवाय काढता आले असते. तीन दिवस मी कपाळ काढलं, नाक, सुरकुत्या, पदराचा काठ. डोळे शेवटी ठेवले. बाबांना बघत वाढले होते, म्हणून शेवटी ठेवले. तीच चूक झाली. आता मी नागपूरला चित्रकला शिकते आणि कोणताही चेहरा डोळ्यांपासून सुरू करते. शिकवणारे म्हणतात, ही पद्धत नव्हे. मी ऐकून घेते.

तर त्या दिवशी "हो जी" म्हणून बाबा माझ्याजवळ आले आणि कुंचला घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे, माय. चाल."

त्यांच्या तोंडावर राग नव्हता. लाजही नव्हती. नुसती घाई होती. लवकर रस्त्यापलीकडे जायची घाई. विहाराच्या भिंतीला इतकी वर्षं झाली होती, तरी ती घाई त्यांच्या पायांत तशीच होती. वकीलसाहेबांच्या बोलण्यापेक्षा मला ती जास्त लागली.

मला इंग्रजीत उत्तर देता आलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं. वकीलसाहेब चमकले असते. मेहुण्यांनी विचारलं असतं, कोणत्या शाळेत जातेस? पेंटरची पोरगी इंग्रजी बोलते, म्हणून कौतुक झालं असतं. आणि डोळे मास्तरांनीच काढले असते. शिवाय बाबांना त्यातला एक शब्द कळला नसता. मला तर त्यांनाच ऐकवायचं होतं.

मी पोत्यावरून उठले. मोठ्या माणसांसमोर मी कधी पुरतं वाक्य बोलले नव्हते. चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवली आणि म्हातारीच्या ओल्या कपाळाशी धरली. एक थेंब भुवईवरून ओघळला, रंग घेऊन.

"काय करतेस गं पोरी?" वकीलसाहेब खुर्चीवरून अर्धे उठले.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी बाबांकडे बघूनच बोलले.

"डोळे मीच काढीन, साहेब. मास्तरच्याच हातचे पाहिजेत, तं हे तोंड मी आत्ता पुसून टाकते. त्याले कोऱ्या कापडापासून काढू द्या. बिनडोळ्याचं चित्र आता आमच्या हातून निघणार नाई."