आबाजींना लागणारा ‘हं’

सेमाडोहच्या पुढे राहणाऱ्या एका कोरकू आबाजींची जीवनकहाणी मी रेकॉर्ड करत होतो. आबाजी एक वाक्य बोलत, थांबत आणि माझ्याकडे बघत. समोरच्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय त्यांचं पुढचं वाक्य निघत नसे. अमरावतीच्या प्रशिक्षणात मात्र मला शिकवलं होतं, की मुलाखत घेणाऱ्याने तोंड बंद ठेवावं. म्हणून मी नुसती मान डोलावली, तर ते रेकॉर्डरकडे बोट दाखवत खेकसले, “काहून सर, झोपले का? मी काय या डबीले सांगून राहिलो?”

मग मी इमानदारीत ‘हं, हं’ करत राहिलो. त्यांचं जुनं गाव वाघांसाठी उठवलेलं. तिथलं एकेक मोहाचं झाड त्यांना पाठ होतं. “गाव वाघाले देलं सर, पण गावाचं नाव तरी माणसाच्या कानी पडू द्या,” एवढंच त्यांचं मागणं होतं.

अमरावतीला येऊन मी माझे सगळे ‘हं’ कापून टाकले. आवाज इतका स्वच्छ झाला, की स्वतःवर खूश होऊन मी तो आबाजींना ऐकवायला घेऊन गेलो.

दोन वाक्यं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. “या बुढ्याचं कोणीच ऐकून नाही राहिलं,” ते म्हणाले. मग वाजत्या रेकॉर्डरसमोर मांडी घालून, त्यातल्या प्रत्येक वाक्यानंतर ते स्वतःच ‘हं’ म्हणू लागले. ओशाळून मीही ‘हं’ म्हणायला तोंड उघडलं.

“तुमी राहू द्या, सर,” आबाजी म्हणाले.