पिशवीतून न काढलेली पुस्तिका

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरीचं कारण होतं, मग मोतीबिंदूचं, मग नातवाच्या मुंजीचं. खरं कारण असं की यात चूक माझी आहे, आणि चुका मी दुसऱ्यांच्याच काढत आलो.

खडकीच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. तयार मालातला दोष शोधून त्यावर लाल खूण करायची, हे काम. घरी आल्यावर तेच काम मी वर्तमानपत्रांवर करायचो. जुन्या नाटक-सिनेमांबद्दल कुणी चुकीचं लिहिलं की माझं खुलासा करणारं पत्र आलंच म्हणून समजा. ट्रंकभर जुनी हँडबिलं आणि पदांच्या पुस्तिका जमवल्या होत्या, त्यांच्या जोरावर सगळं चाले. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मला ‘खुलासेवाले’ म्हणत, आणि मला ते आवडे.

वरच्या मजल्यावर भाच्याच्या फ्लॅटमध्ये बुवा राहायचे. ऐंशी कधीच ओलांडलेली. संगीत नाटकांत तरुणपणी स्त्रीभूमिका केलेल्या. अजूनही बोलताना उपरणं असं सावरायचे की पदरच वाटावा. सकाळी सोसायटीतल्या चार-पाच मुलांना पेटीवर गाणं शिकवत. पुढे कॉम्प्युटरचे क्लास निघाले तशी मुलं कमी होत गेली. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाले, “अहो, गाण्यानं कोण अमेरिकेला जातं? मी तर इथून मुंबईपर्यंतच गेलो, तेही मुका होऊन.”

ते बोलत होते मूकपटाबद्दल. एका मूकपटात ते नायिका झाले होते. त्या काळी सिनेमात काम करायला बायका सहसा मिळत नसत, आणि खरी बाई आहे असं सांगितलं की गर्दी होई. म्हणून कंपनीनं जाहिरातीत एका बाईचं खोटंच नाव छापलं. बुवा कॅमेऱ्यासमोर खरंच गात. नुसते ओठ हलवले तर गळ्याची शीर दिसत नाही, म्हणून. मग पुण्यात खेळ लागला की पडद्यामागे पेटीवाल्याशेजारी बसून तेच पद गायचे.

“म्हणजे पुढे माझं तोंड, मागे माझा आवाज,” ते म्हणायचे, “आणि दोन्ही एकाच माणसाचं, हे थेटरात कुणालाच ठाऊक नाही. मरायच्या आधी एकदा दोन्ही एकत्र दिसू दे, बस्स.”

तो योग आलाही होता. नव्या खाजगी वाहिन्या सुरू झाल्या होत्या, घरोघरी केबल आली होती. मुंबईच्या एका वाहिनीनं बुवांचं गाणं चित्रित करायचं ठरवलं. वर्तमानपत्रात तशी बातमी आली, त्यात त्या मूकपटाचं नाव होतं आणि त्यातली नायिका म्हणजे बुवाच, असंही होतं. बुवांनी शेरवानी धुवायला टाकली. रियाझ वाढला. आमच्या सौ. म्हणाल्या, “ऐका हो, या वयातही षड्ज कसा लागतोय.”

मी ऐकत नव्हतो, ट्रंक उघडून बसलो होतो. त्या मूकपटाचं हँडबिल माझ्याकडे होतं आणि त्यावर नायिकेचं नाव एका बाईचं होतं. कंपनी असं नाव छापत असे, हे बुवांनी मला स्वतः सांगितलेलं. पण ते तोंडी होतं आणि माझ्याकडे कागद होता. मी पत्र लिहिलं. शेवटी एक टोमणाही घातला: ‘सदर गृहस्थ स्वतःच त्या बाई असल्यास त्यांनी तसा दाखला दाखवावा.’ पत्र छापून आलं. दोन-तीन जणांनी जिन्यात माझी पाठ थोपटली.

वाहिनीवाल्यांनी बुवांना कळवलं की खात्री झाली की येऊ.

पंधरा दिवसांनी ट्रंक आवरताना तळाच्या गठ्ठ्यात त्याच मूकपटाची पुस्तिका सापडली. आत नायिकेचा फोटो होता. ती घागर धरून उभी, आणि डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली. लहानपणी नाटक कंपनीत बुवांच्या बोटावर पेटीचं झाकण पडलं होतं. ती करंगळी मी रोज सकाळी पेटीवर पाहत होतो.

पुस्तिका कापडी पिशवीत घालून मी वर गेलो. बुवांनीच दार उघडलं. “या, खुलासेवाले,” म्हणाले, “आज काय, माझा जन्मदाखला तपासायला?”

मी कसनुसा हसलो. त्यांनी चहा टाकायला सांगितलं. मग उपरणं सावरत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या ट्रंकेत आणखी काही सापडलं का हो? वाहिनीवाले अजून थांबलेत. फार वेळ थांबायचे नाहीत.”

पिशवी माझ्या मांडीवर होती. तेवढी पुढे करायची होती. पण मग दुसरं पत्र लिहावं लागलं असतं, माझ्याच पत्राचा खुलासा करणारं. पुन्हा कुणी मला विचारलं नसतं.

“नाही,” मी म्हणालो. आणि टाकीच्या पाण्याबद्दल बोलायला लागलो.

वाहिनीवाले आलेच नाहीत. त्या थंडीत बुवांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. भाचा त्यांना बिबवेवाडीच्या घरी घेऊन गेला. मी दोनदा तिथल्या बसथांब्यापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा निघायच्या आधी ते गेल्याचा फोन आला.

माझा मुलगा आता आयटीत आहे. मागे त्यानं ती पुस्तिका पाहिली. म्हणाला, “बाबा, स्कॅन करून इंटरनेटवर टाकू, जगभर दिसेल.” टाकेल तो. चेहरा दिसेल. आवाज कुठून आणणार?

बुवा, त्या दिवशी चहा घेताना म्हणायचं होतं ते आज लिहितो आहे. अहो, सापडलं होतं. पिशवीतच होतं. त्या बाई तुम्हीच होतात, आणि मला ते ठाऊक होतं. मला क्षमा करा.