माझ्या अक्षरांच्या जागा

२००६ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या जिन्याखाली माझं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. गिऱ्हाइकाने पायरीवर बसायचं. लग्नपत्रिका, बाराव्याच्या पत्रिका, गावच्या मंडळाच्या सभेच्या सूचना, पूजेची आमंत्रणं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही कोकणात, मास्तर येतील त्या दिवशी. तरी काम माझ्याकडे यायचं. उगाच नाही यायचं.

त्या वर्षी प्रिंटर मेला. दादरहून नवा आणला तर तो माझ्या कॉम्प्युटरला ओळखच देईना. मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि हसला.

"काका, ही सिस्टिम फार जुनी. नवा प्रिंटर हिच्यावर चालणार नाही. नवी टाकावी लागेल."

"टाक मग."

"आधी सगळं पुसावं लागेल. तुमच्या पत्रिका-बित्रिका असतील त्या काढून ठेवा. रविवारी येतो."

पत्रिकांचं मला काही नव्हतं. लागली ती लग्नं लागली. माझा जीव होता कीबोर्डच्या फायलींत. त्या गेल्या तर मी त्या टेबलापुढे नुसता एक म्हातारा उरणार होतो.

का, ते सांगतो. ब्याऐंशीला संप झाला तेव्हा मी लालबागच्या गिरणीत साच्यावर होतो, म्हणजे मागावर कापड विणायचो. पुढे गिरणीने काही जणांना परत बोलावलं. अट अशी, की नव्याने भरती व्हायचं. आधीची वर्षं विसरायची, बदली कामगार म्हणून रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, घेतलं तर घेतलं. बरेच गेले. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांची पोरं उपाशी होती. माझीही होती. मी गेलो नाही.

गिरगावात एका छापखान्यात झाडू मारायला लागलो. तिथे बघून बघून खिळे जुळवायला शिकलो. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. लाकडी खणांत ती मांडलेली असत आणि प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. काना हाताशी, कारण तो सारखा लागतो. 'ढ' आणि 'ठ' लांब कोपऱ्यात. हात आपोआप जायचा, डोळे कागदावर. मग कॉम्प्युटर आला आणि खिळे भंगारात गेले. पण त्या मराठीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, कुठल्या बटनावर कुठलं अक्षर ते आपण ठरवायचं. मी ठरवलं. काना हाताशी, 'ढ' कोपऱ्यात, जसे खण तशी बटनं. एकेक अक्षर हलवून बघत, कित्येक महिने बसवत होतो. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने तोच कॉम्प्युटर मला दिला आणि मी तो डोक्यावरून चाळीत आणला.

मुलगी सरकारी कचेरीत आहे, टायपिंगच करते. अँटॉप हिलला तिचं नि जावयाचं क्वार्टर. शनिवारी माहेरी आली तेव्हा हे ऐकून ती उलट खूश झाली.

"बरं झालं बाबा. आता सरकारी कीबोर्ड शिकून टाका. सगळं जग त्याच्यावर टाइप करतं."

"जगाने खिळे जुळवले होते काय?"

"तुमच्या मशीनवर दुसरं कुणी बसलं तर त्याला 'क' शोधायला गावभर फिरावं लागतं!"

"मग बसू नये दुसऱ्याने."

"हट्ट आहे नुसता."

"आहे. एकदा मला नव्याने भरती व्हा म्हणाले होते. तेव्हा झालो नाही, आता होतोय होय?"

आतून बायको ओरडली, "दोगांय सारखीच! चाय थंड झाली मरे!"

साच्यावर आमची एक रीत होती. बीमवरचं, म्हणजे मागाच्या मागच्या रुळावरचं, सूत संपत आलं की जुन्या तारा उपटून टाकायच्या नाहीत. जुन्या तारेच्या टोकाला नव्या बीमची तार गाठ मारून जोडायची आणि मग सगळं अलगद पुढे ओढायचं. जुनं उपटलंस तर हजारो तारा पुन्हा ओवत बस. म्हणून मीच बसलो आणि माझ्या कीबोर्डच्या फायली फ्लॉपीत घेतल्या. मुलगी म्हणाली, मी करून देते. मी म्हटलं, गाठ ज्याची त्याने मारावी.

फायली दोन होत्या, दोन वेगळ्या फोल्डरांत. एकीत साधी अक्षरं, दुसरीत शिफ्ट दाबून येणारी, म्हणजे जोडाक्षरं वगैरे. मधे इंग्रजीत एक पाटी आली. इंग्रजीत काही विचारलं की एंटर दाबायचा, ही माझी पद्धत, नाहीतर ती पाटी हलतच नाही. दाबला.

रविवारी मेकॅनिक आला, सीडी आत घातली. स्क्रीन निळा झाला. तेवढ्यात मुलीने विचारलं, "बाबा, ती फ्लॉपी दुसरीकडे लावून बघितलीत ना?"

"घेतलीय ना मी. बघायचंय काय?"

"लावून बघितलीत का?"

मेकॅनिकचं बोट बटनावर होतं. "काका, मला अजून दोन ठिकाणी जायचंय हं."

"थांब," मी म्हटलं. आणि त्याचा हात धरून बाजूला केला.

मराठीचं तेच सॉफ्टवेअर आमच्या रस्त्यावर आणखी एकाकडे होतं, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्याच्या दुकानाची पायरी मी कधी चढलो नव्हतो. माझी गिऱ्हाइकं तो ओढायचा.

"अरे वा, काका! आज आमच्याकडे? काय, लग्न ठरलं की काय?"

"तुझं ठरलं तर पत्रिका मीच छापणार. मशीन दे पाच मिनिटं."

फ्लॉपी लावली. शिफ्ट दाबून 'क्ष' आला, 'ज्ञ' आला, 'श्र' आला. शिफ्ट सोडून काना दाबला. काही नाही. 'त' दाबला. काही नाही. सगळी साधी अक्षरं गायब. झेरॉक्सवाला मान वाकडी करून बघत होता. माझ्या मागोमाग आलेली मुलगी स्क्रीन सोडून माझ्याकडे बघायला लागली, ते जास्त लागलं.

"बघतेस काय? चल."

परत आलो. मेकॅनिकने तोंड वाकडं करत सीडी काढली आणि जुनी सिस्टिम पुन्हा चालू केली. मी पुन्हा कॉपी करायला घेतली, मुलगी शेजारी उभी. पाटी आली तशी तिने वाचली. "विचारतंय, या नावाची फाईल आधीच आहे, ती काढून ही ठेवू का? बाबा, दोन्हींचं नाव एकच आहे. दुसरी पहिलीच्या जागी बसली."

"मग मला तेव्हा कुणी वाचून दाखवलं नाही!"

"कुणाला बसू दिलंत शेजारी?"

खरं होतं. मी म्हटलं, "बरं. आता बस."

तिने फ्लॉपीत दोन वेगळे फोल्डर केले, एकेकात एकेक फाईल. मी पुन्हा रस्ता ओलांडला, पुन्हा त्या पायरीवर चढलो. या वेळी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत एकही अक्षर सोडलं नाही, काना, मात्रा, उकार, रफार, सगळं दाबून बघितलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "काका, हा कसला कीबोर्ड? मला तर काहीच सापडत नाही."

"तुला सापडू नये म्हणूनच आहे."

मग मेकॅनिकला सांगितलं, "लाव तुझी सीडी. पुसायचं बटन मी दाबणार."

"मी दाबलं काय, तुम्ही दाबलं काय, सारखंच."

"सारखं नाही."

दाबलं. दुपार गेली. नवी सिस्टिम आली, नवा प्रिंटर जागा झाला, सॉफ्टवेअर बसलं आणि शेवटी मी फ्लॉपी घातली. डोळे मिटून एक ओळ टाइप केली, आमच्या गावाचं नाव, देवाचं नाव, चाळीचा पत्ता. डोळे उघडले. एकही अक्षर आपली जागा सोडून गेलं नव्हतं.

"झालं मनासारखं?" मुलगी पर्स उचलत म्हणाली. "पण बाबा, मशीनही इथेच आणि फ्लॉपीही इथेच. या जिन्याखाली पाणी शिरलं तर?"

"तू जा. तुझी बस जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. फ्लॉपी शर्टाच्या खिशात घातली, बस पकडली आणि अँटॉप हिलला गेलो. मुलगी डबा भरत होती. मी सरळ तिच्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि तिला हाक मारली. दोन्ही फायली तिच्या मशीनमध्ये घालून घेतल्या.

"मला हा कीबोर्ड येत नाही, बाबा," ती म्हणाली.

"वापर म्हणून कोण सांगतंय? नुसता ठेव. पुसायचा मात्र नाही."

तिला कामाला उशीर होत होता. तिने मला चहा दिला, तो उभ्यानेच घेतला आणि दुकान उघडायला परत निघालो.