एका सीटची जीप

"हं, त काय सांगत होतो मी?"

बोलता बोलता मध्येच थांबायचं, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हलके हलके घासायचा, समोरच्याच्या खांद्यावरून कुठंतरी लांब पाहायचं आणि मग हे वाक्य. आमच्या डॉक्टरांची ही लकब सगळ्या देऊळघाटाला ठाऊक होती. डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे. त्यांच्या दवाखान्याला लागूनच माझी शाळा. आम्ही दोघंही बुलढाण्यात राहायचो, म्हणून मी त्यांच्या गाडीतून जायचो-यायचो. त्या बदल्यात त्यांच्या गप्पा ऐकायच्या, एवढाच आमचा करार.

गाडी पांढरी, लहानशी आणि म्हातारी. तिला औषधांचा आणि ओल्या कडब्याचा मिळून एक वास होता. "मास्तर, पाय जरा वर घ्या, खाली सलाईन आहे," असं ते म्हणत आणि मी गुडघे छातीशी घेऊन शाळेपर्यंत बसे. एकदा मागच्या सीटवर एक वासरू होतं. त्यानं वाटेत माझी कॉलर चघळली. "तुमच्यावर जीव जडला त्याचा," डॉक्टर म्हणाले आणि पुढचा सगळा रस्ता हसत राहिले.

बोलायला लागले की ते कुठून कुठं जात. गाभण म्हशीवरून सुरुवात झाली की नोकरीच्या पहिल्या गावातल्या खानावळीत शेवट. मध्येच थांबणं आणि अंगठा घासणं. आम्हाला वाटे, डॉक्टर विचार करताहेत. सलीमचाचा म्हणून एक बकऱ्या पाळणारे गृहस्थ होते. ते तर शपथेवर सांगायचे, "डॉक्टर साब सुई लगाने से पहले बकरी से मन में बात करते. मैंने देखा है." हातात इंजेक्शन धरून डॉक्टर असे थांबले की चाचा इतरांना गप्प बसायची खूण करीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा हरवणारा माणूस असेल. आपण त्याची नक्कल करतो, त्याला जीवही लावतो आणि त्यापलीकडे फारसं पाहत नाही.

गाडी चालवतानाही हे व्हायचं. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी आपोआप मंदावत जाई. मागून येणारे मोटारसायकलवाले हॉर्न देत, वळून पाहत. मग डॉक्टर "हं" म्हणत आणि गाडी पुन्हा पळू लागे. म्हाताऱ्या इंजिनाला जोर असा नव्हताच. पाय ढिला पडला की ती लगेच हळू व्हायची. तिच्या अशक्तपणावर आम्ही किती हसलो असू! त्या अशक्तपणामुळेच आम्ही रोज घरी पोचत होतो, हे नंतर कळलं.

मग ती गाडी अगदीच थकली आणि नवी घ्यायची वेळ आली. तिथून डॉक्टरांच्या दुसऱ्या गप्पा बंद झाल्या. कोणती गाडी, एवढा एकच विषय.

त्यांच्या मनात दोन चित्रं होती. पहिलं, सात जणांची ताकदवान गाडी. म्हातारी आई, आमच्या वहिनी म्हणजे त्यांची बायको, पुण्याहून मुलगा, सून, नात, सगळे आत आणि स्टिअरिंगवर हे. "एकच गाडी, मास्तर. दम असलेली. सगळ्यायले घेऊन निघालो की मी चालवतो, बाकीचे झोपा." दुसरं चित्र त्यांच्या तरुणपणापासूनचं होतं. उघडी जुनी जीप. ती घ्यायची तर रोजच्या जाण्यायेण्याला एक लहान गाडी आणि रविवारी मजेला ही जीप, असं दोन गाड्यांचं जमवावं लागणार होतं.

चहाच्या टपरीवर यावर रोज पंचायत बसे. पशुधन पर्यवेक्षक मोठ्या गाडीच्या बाजूचे, आमचे मुख्याध्यापक जीपच्या. डॉक्टर दोन्ही बाजूंनी भांडायचे. सकाळी जीप, संध्याकाळी सात सीट.

एका रविवारी त्यांच्या घरी पोहे खाताना विषय पुन्हा निघाला. वहिनी सहसा मध्ये बोलत नसत. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोन घ्या. लहान घ्या अन् तुमची जीप घ्या. मोठी नका घेऊ."

"काऊन? सगळे एकात बसलो त चांगलं नाही का?"

"नको. एका गाडीत सगळे नको."

डॉक्टर हसले. मीही हसलो. वहिनींनी हातातली बशी टेबलावर ठेवली आणि हात पदराखाली घेतले. बायकांना असल्या गोष्टींची भीती वाटते, असं काहीतरी डॉक्टर बोलले. त्यावर त्यांनी माझ्याकडे इतकं सरळ पाहिलं की मला पोह्यांकडे बघावं लागलं.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी मोठी गाडी चालवून पाहायचं ठरवलं. "चला मास्तर, राजूर घाटात नेऊन पाहू. चढावर दम कळते." शोरूमचा एक तरुण मागे बसला, मी पुढे डॉक्टरांशेजारी. गाडी नवी कोरी, गिअर आपोआप बदलणारी. घाट उतरताना डॉक्टर लहान मुलासारखे खूश होते. पावसाळा नुकताच संपला होता, डोंगर अजून हिरवा होता, कठड्यावर वानरं ओळीनं बसली होती. खाली जाऊन गाडी वळवली आणि आम्ही वर निघालो.

"आता पाहा," डॉक्टर म्हणाले आणि पाय दाबला. गाडी खरंच उसळली. पाठ सीटला चिकटली. "आईले समोर बसवतो," ते सांगू लागले, "म्हनजे तिले डोंगर दिसते, अन् नातीले..."

आणि थांबले.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा तर्जनीवर फिरत होता. पुढं रस्ता उजवीकडे वळत होता आणि आम्ही वळत नव्हतो. ही गाडी मंदावली नाही. पाय जिथं होता तिथंच होता आणि इंजिन तितक्याच जोरानं ओढत होतं. कठड्यावरची वानरं उड्या मारून पांगली. मी ओरडलो, हात घालून स्टिअरिंग माझ्या ताकदीनं उजवीकडे ओढलं. गाडी रस्ता ओलांडून डोंगराच्या बाजूच्या मातीत घुसली. समोरून काही येत नव्हतं, हे नशीब. चाकं मातीत गरगर फिरत राहिली, खडे उडत राहिले, शेवटी मागच्या तरुणानं हात लांबवून बटण दाबलं तेव्हा इंजिन बंद पडलं.

सगळं शांत झालं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर तेच हसू.

"हं, त काय सांगत होतो मी?"

आयुष्यात मी पुष्कळ वेळा घाबरलो असेन. पण त्या वाक्याला घाबरलो तसा कशालाच नाही.

परत येताना तो तरुण चालवत होता. डॉक्टर मागे माझ्या शेजारी बसले होते. घाट संपल्यावर म्हणाले, "डुलकी लागली. झोप नाही झाली काल."

"डॉक्टर, तुमचे डोळे उघडे होते."

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

मी त्यांना तसाच घरापर्यंत सोडायला गेलो आणि त्यांच्यासमोरच वहिनींना घडलं ते सांगितलं. वाटलं होतं, त्या रडतील. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मले माहीत आहे, भाऊजी. म्हनूनच मी दोन गाड्या म्हनत होती. लहान गाडी काही झालं त थांबते तरी. अन् जीपमंदी हे कोनाले नेत नाहीत. सगळे एका गाडीत, अन् चालवनारे हे... मले झोप नाही लागत हो."

डॉक्टर दारातच उभे होते. "कवापासून माहीत आहे तुले?"

"नातीच्या बारशापासून. तिले मांडीवर घेऊन बसले होते तुमी. ती घसरत होती अन् तुमाले पत्ता नव्हता."

"अन् सांगितलं काऊन नाही?"

"दोनदा सांगितलं. एकदा तुमी हसले." वहिनींनी मान खाली घातली. "एकदा तुमी तिथं नव्हतेच."

तुम्ही त्या दारात उभे असता तर काय केलं असतं, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी खिशातून जुन्या गाडीची चावी काढली, वहिनींच्या शेजारी जमिनीवर ठेवली आणि आत जाऊन आईच्या खोलीत बसले.

अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. असे क्षण म्हणजे एक प्रकारची फिटच, आणि ते दिवसातून कितीतरी वेळा येत होते. गोळ्या सुरू झाल्या आणि गाडी चालवणं बंद. आम्ही दोघं आता एसटीनं देऊळघाटला जाऊ लागलो. बसमध्ये एकदा ते म्हणाले, "मास्तर, कुत्र्याले फिट आली त मी दुरून ओळखतो. मालकाले सांगतो, याले एकटं सोडू नका. अन् माझं मले..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते हरवले नव्हते, एवढं मला दिसत होतं. हल्ली मी त्यांच्या अंगठ्याकडेच पाहत असे.

गंमत म्हणजे शेवटी दोन्ही गाड्या घेतल्या. मोठी गाडी वहिनींसाठी. त्या पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या आणि अशा जपून चालवू लागल्या की बैलगाडीसुद्धा पुढं जावी. डॉक्टर त्यांच्या शेजारी बसायचे, सूचना न देता. आईला मधल्या सीटवर खिडकीपाशी बसवायचे. "जमलं नं, सगळे एकात," असं ते म्हणाले तेव्हा वहिनी आरशात पाहून हसल्या. त्यांना मी इतकं निवांत हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आणि जीप. ती त्यांनी कुठूनशी आणली, ट्रकवर घालून, थेट गावाबाहेरच्या आपल्या शेतात. सडकेवर ती आणायची नाही, असा शब्द त्यांनी वहिनींना दिला होता आणि तो पाळला. शेताच्या कडेनं गाडीवाट होती. तिच्यावरून धिम्या गतीनं चकरा मारायच्या, बस. वहिनींनी नाही म्हटलं नाही. त्या मला म्हणाल्या, "सगळंच काढून घेतलं त मानूस राहीन का?"

पुढच्या वर्षी दिवाळीला नात आली. तिला जीपमध्ये बसायचं होतं. डॉक्टर तिच्यावर असे ओरडले की पोर वहिनींच्या मागं लपली. त्या माणसाला कुणावर ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. सगळे गेल्यावर त्यांनी पाना आणला आणि जीपच्या सीटा काढायला बसले. गंजलेले नट निघत नव्हते. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "राहू द्या." शेजारची सीट काढली, मागची बाकं काढली, सगळी गोठ्यात नेऊन टाकली. उरली एक. पत्र्यावर नटांची भोकं उघडी दिसत होती.

"आता कोनी हट्ट करनार नाही," ते म्हणाले. "हिच्यात एकाचीच जागा."

ते बोलले सहजच. मला मात्र त्या रिकाम्या पत्र्याकडे बघवेना. कुणीतरी सगळं उरकून ठेवतंय, असं वाटलं. मी म्हणालो, "डॉक्टर, विकून टाका ना ही."

"चालवतो तवा डोकं साफ राह्यते, मास्तर. गोळीनं सगळं धुकट होते. इथं एक चक्कर मारली की मी कोन आहे ते समजते." मग पाना पुसत म्हणाले, "अन् गेलो त एकटा जाईन. कोनाचं पोर संगं घेऊन नाही."

समोर तूर फुलावर होती, पिवळी. जीपच्या चाकांनी गाडीवाट गुळगुळीत झाली होती. चार कोपऱ्यांवर चार गोल वळणं, एकावर एक उमटलेली, कुंभाराच्या हाताखालून गेल्यासारखी.

संक्रांतीनंतर एका सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे शेतात गेले, फोन नाही उचलून राह्यले. चालता का?" मोठ्या गाडीतून आम्ही गेलो. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट आणि स्थिर होते. शेताच्या धुऱ्याजवळ, अलीकडच्या बांधाला लागून गाडी थांबवली, उतरल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

जीपचा आवाज येत नव्हता. गाडीवाट नेहमीसारखी होती. पहिलं वळण गोल, दुसरं गोल. तिसऱ्या कोपऱ्यावर चाकं वळलीच नव्हती. वाट सोडून ती सरळ उभ्या तुरीत गेली होती. चाकांखालची शेंगा भरलेली झाडं दोन ओळींत आडवी झाली होती, मधली वाकून पुन्हा उभी राहिली होती आणि त्या ओळी पार पलीकडच्या बांधापर्यंत जात होत्या. कुठं ब्रेकची खूण नाही, कुठं वाकडं नाही. तिथं, बांधाच्या मातीला नाक लावून जीप उभी होती. सीटवर ते टेकून बसलेले दिसत होते. दुरून वाटत होतं, काहीतरी आठवताहेत.

हाका मारायची गरज नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. तरी वहिनींनी एकदा हाक मारली. मग पदर खोचला आणि चाकाच्या एका ओळीतून चालू लागल्या. मी दुसऱ्या ओळीतून. मधल्या उभ्या तुरीमुळे आम्हाला एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त त्यांच्या पायाखाली मोडणाऱ्या शेंगांचा आवाज येत होता, आणि माझ्या.